वेल्ससाहेबाचा इंदापूर मुक्काम

पुण्याहून बारामतीला निघालेला माणूस वाटेत इंदापूरला मुक्काम का करील? नकाशा समोर ठेवला तर उत्तर सापडत नाही. इंदापूर बारामतीच्याही पुढे आहे, पूर्वेला, पन्नासेक किलोमीटर. बारामतीला जायला इंदापूर लागत नाही, हे त्या रस्त्याच्या एसटीत बसलेलं शेंबडं पोरही सांगेल. पण इंदापूरच्या आप्पांनी निवृत्तीनंतरची सगळी वर्षं या एका प्रश्नाला वाहिली आहेत. प्रवासी कोण, तर जेम्स वेल्स नावाचा चित्रकार. साल १७९३, फार तर १७९४. काम काय, तर बारामतीच्या मोरोपंतांचं चित्र काढणं. असा प्रवास झाला होता याला पुरावा एकच आहे, आणि तो म्हणजे आप्पांची खात्री.

आप्पांचं आडनाव सांगत नाही. असे आप्पा तालुक्या-तालुक्याला आहेत आणि नाव सांगितलं की बाकीचे रुसतात. कुणाला आपल्या वेशीत पांडव उतरवायचे असतात, कुणाला आपल्या आडनावाचं मूळ चितोडपर्यंत न्यायचं असतं. त्यांना कुणी अडवत नाही, कारण पांडव कागदपत्रं ठेवून गेले नाहीत. आप्पांनी मात्र नेमका गोरा साहेब निवडला, आणि गोरे साहेब रोज रात्री झोपण्यापूर्वी डायरी लिहीत. आप्पांच्या संशोधनातली सगळी गुंतागुंत इथून सुरू होते.

नोकरी साखर कारखान्यात, शेतकी खात्यात. चिटबॉय म्हणून लागले आणि ऊसनोंदणीच्या टेबलावरून निवृत्त झाले. येताना घड्याळ, शाल, नारळ आणि जुन्या कोऱ्या तोडणी-चिठ्ठ्यांचे गठ्ठे घेऊन आले. त्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर सगळं संशोधन आहे. पुढच्या बाजूला शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, उसाची जात, लागणीची तारीख असे छापील रकाने, मागे पेशवाई. फायलींची विभागणीही शेतकी खात्याच्या शिस्तीतली. ज्या पुराव्याला अठरा महिने तरी थांबावं लागेल तो 'आडसाली'. सध्या हातात असलेलं काम 'सुरू'. छापून आलेला लेख थोडा खालीवर करून दुसऱ्या दिवाळी अंकाला दिला की त्याची नोंद 'खोडवा', आणि तोच तिसऱ्यांदा दिला की 'निडवा'. निडव्याला उतारा कमी पडतो, हे ते स्वतःच सांगतात. "पण रान मोकळं ठेवण्यापेक्षा बरा," हे वर.

वेल्सवर त्यांचा जीव का जडला हे समजायला वेल्स थोडा माहीत हवा. माणूस खरा आहे, कर्तबगारही आहे. १७४७ मध्ये स्कॉटलंडमधल्या पीटरहेडला जन्मला. १७९१ मध्ये मुंबईला उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्यात आला, कारण संगमावर इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट राहत होता आणि त्याला चित्रांची हौस होती. सवाई माधवराव पेशवे, शेजारी नाना फडणीस, मागे हुजरे, हे आपण लहानपणापासून पुस्तकात पाहत आलो ते चित्र याच वेल्सचं. मूळ चित्र लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. महादजी शिंद्यांनाही त्याने समोर बसवलं. कार्ले, घारापुरी, वेरूळ अशी लेणी काढत हिंडला. पुण्याचा गंगाराम तांबट त्याच्या हाताखाली होता. पर्वतीच्या पायथ्याच्या शिकारखान्यातला पेशव्यांचा गेंडा त्याच गंगारामाने काढला. एवढ्या सगळ्यांना ज्याने कागदावर उतरवलं त्याने मोरोपंतांना तेवढं सोडलं, हे आप्पांना सहन होत नाही. पंत त्या वेळी बारामतीत होते, हयात होते, साठी ओलांडलेले होते, नाईकांच्या आश्रयाला होते. आणि नाईक म्हणजे पेशव्यांचे व्याही, बाळाजी विश्वनाथाची भिऊबाई त्यांच्या घरात दिलेली. "म्हणजे ओळख होती," आप्पा म्हणतात. "आता फक्त भेट राहिली."

ही राहिलेली भेट घडवून आणण्यासाठी आप्पा जे करतात त्याला संशोधन म्हणावं की सोयरीक, हे ठरवणं अवघड आहे. वेल्सच्या दोन ठावठिकाणांच्या मध्ये चार दिवस मोकळे दिसले की ते तिथे बारामतीची लागण करतात. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात वेल्स आणि गंगाराम तांबटाची रेखाटनं आहेत. त्यातली काही नातवाने मोबाइलवर काढून दिली, आणि आप्पांनी बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून त्यांच्या मोठ्या प्रती करून घेतल्या. कुठेही नदी आणि देऊळ एकत्र दिसलं की ती कऱ्हा आणि ते सिद्धेश्वर. एकदा झेरॉक्सवाला म्हणाला, "आप्पा, हितं मागं डोंगार हाय. बारामतीत डोंगार कुठला?" आप्पा म्हणाले, "चित्रकार होता तो, तलाठी नव्हता." झेरॉक्सवाल्याला हे पटलं, कारण त्याची दोन तलाठ्यांकडे उधारी होती.

पण आप्पांचा हुकमी एक्का डोंगरात नाही, रामायणात आहे. मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं रचली. त्यातलं एक निरोष्ठ रामायण, म्हणजे ज्यात ओठाला ओठ लागेल असं अक्षरच नाही. प, फ, ब, भ, म वर्ज्य. रामायण लिहायचं आणि 'राम' म्हणायचं नाही! हा उपद्व्याप पंतांनी का केला असेल? मराठीचे प्राध्यापक म्हणतात, पांडित्य. आप्पा म्हणतात, "चित्रकार समोर बसला होता. तो म्हणाला असणार, पंडितजी, ओठ हलवू नका. आता कवीला गप्प बसवतं का? मग त्यांनी यावर तोडगा काढला." पुढे, आवाज खाली आणून, "आणि मोरोपंतांनी वेल्सचा उल्लेख कुठेच का केला नाही, तेही यातच आलं. 'जेम्स' म्हणून बघा. 'म' आला की ओठ मिटले. 'वेल्स' म्हणून बघा. वरचे दात खालच्या ओठाला लागले. कसं लिहिणार बिचारा?"

यावर समोरचा माणूस जेम्स, वेल्स, जेम्स, वेल्स असं म्हणून बघतोच. उल्लेख नाही हाच पुरावा, अशी रचना मी फक्त कोर्टात आणि आप्पांच्या ओसरीवर पाहिली आहे. एका कार्यक्रमात बारामतीच्या एका निवृत्त शिक्षिकेने उठून विचारलं, "पण आप्पा, ओठ मिटायचेच नाहीत म्हटल्यावर तोंड उघडं राहणार. म्हणजे चित्रात मोरोपंत आ वासून बसलेले दिसतील." सभागृह हसलं. आप्पा हसले नाहीत. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, लिहून घेतलं आणि म्हणाले, "बाई, उपकार झाले. चित्र सापडलं की ओळखायला खूण झाली."

बारामती आणि इंदापूर यांचं नातं शेजारच्या दोन तालुक्यांचं असतं तसंच आहे, म्हणजे पाण्यावरून सुरू होतं आणि कशावरही थांबत नाही. बारामतीकरांना आप्पांचा सिद्धांत अर्धा मान्य आहे. वेल्स बारामतीला आला, मोरोपंतांना भेटला, उत्तम. वाड्यासमोर फलक लावायलाही त्यांची हरकत नाही. इंदापूरचा मुक्काम तेवढा गाळा, एवढंच त्यांचं म्हणणं. इंदापूरकर म्हणतात, मुक्काम पक्का, पुढे तो बारामतीला गेला की नाही ते बारामतीकरांनी बघावं. आप्पांचं घर इंदापुरात आणि सासुरवाडी बारामतीत, त्यामुळे दोन्ही टोकं सांभाळणं त्यांना भाग आहे. त्यासाठी त्यांनी वेल्सला पुढे नीरा नरसिंहपूरपर्यंत नेलं. नीरा-भीमेचा संगम, विंचूरकरांनी बांधलेलं देऊळ. देवळं-लेणी पाहणारा माणूस तिथे जाणारच. येताना इंदापुरात मालोजीराजांच्या गढीपाशी थांबला, रात्र झाली, मुक्काम पडला, सकाळी बारामती. "म्हणजे इंदापूर वाटेत लागत नाही ही तुमची तक्रार गेली," आप्पा नकाशावर बोट ठेवून सांगतात. "तो जातानाचा मुक्काम नाहीच. येतानाचा आहे."

आडनावाचा घोळ वेगळाच. वेल्स म्हणजे वेल्स देशाचा, असं लोक धरून चालतात. एका दिवाळी अंकाने आप्पांचा लेख 'वेल्समधून आलेला कलंदर' या मथळ्याखाली छापला आणि शोभेला मेंढ्यांचा फोटो टाकला. आप्पांनी संपादकांना पत्र लिहिलं, की सदर इसम स्कॉटलंडचा आहे, आडनाव आणि मूळ गाव यांचा संबंध असतोच असं नाही, तालुक्यातले पुणेकर आडनावाचे गृहस्थ पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहतात. पत्र छापलं नाही. पुढच्या वर्षी तोच लेख खोडवा म्हणून गेला, तेव्हा मेंढ्या नव्हत्या, पण वेल्स होताच.

आप्पांच्या बायकोला, म्हणजे काकींना, वेल्स घरातल्या माणसासारखा माहीत आहे. १७९४ आणि १७९५ ही वर्षं त्यांच्या घरात सुतकासारखी पाळली जातात. ९४ च्या फेब्रुवारीत महादजी गेले, चैत्रात मोरोपंत. ९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेले, आणि नोव्हेंबरात साष्टीकडे कान्हेरीची लेणी काढताना तापाने वेल्स. एका नोव्हेंबरात आप्पांनी विचारलं, आज गोडाधोडाचं काही आहे का, साहेबाची तिथी आहे. काकी म्हणाल्या, "तो किरिस्ताव. त्याला पुरण कशाला? अंडी आणा." आप्पांनी अंडी आणली. त्या दिवशी नातू पहिल्यांदा इतिहासात रस घेताना दिसला.

संध्याकाळच्या कट्ट्याला मात्र वेल्सच्या चित्रांपेक्षा त्याच्या पोरीत रस. वेल्स गेल्यावर मॅलेट इंग्लंडला परतला आणि १७९९ मध्ये त्याने वेल्सची मुलगी सुझॅना हिच्याशी लग्न केलं. हे ऐकल्यावर कट्टा बराच वेळ गप्प होता. मग माजी उपसरपंच हिशेब जुळवत म्हणाले, "म्हंजे चित्रकार रेसिडेंटाचा सासरा झाला." "झाला, पण मेल्यावर." "मग आहेर कुणी केला?" आप्पांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी आडसालीत टाकून ठेवलं.

वेल्सची रेखाटनं पुढे टॉमस डॅनियलच्या हाती गेली. वेरूळची चित्रमालिका डॅनियलने छापली. पेशव्यांच्या दरबारात मॅलेट १७९० चा तह करतोय, ते मोठं चित्रही १८०५ मध्ये डॅनियलने रंगवलं. डॅनियल त्या दरबारात नव्हता. माणसांचे चेहरे, पागोटी, बैठक हे सगळं वेल्सच्या कागदांवरून घेतलेलं. चित्राखाली नाव डॅनियलचं. आप्पा हे सांगताना संतापतात. संशोधकापेक्षा शेतकी खात्यातला माणूस त्यांच्यात जागा होतो. "ऊस एकाचा आणि बिल दुसऱ्याच्या नावावर! आमच्याकडे असं झालं असतं तर चेअरमनला घेराव पडला असता." माझ्या मते आप्पांचं वेल्सवरचं प्रेम मोरोपंतांपासून सुरू झालं असेल, पण टिकलं ते या बिलावर. त्यांच्या स्वतःच्या लेखांतली माहिती गावातल्या दोन स्मरणिकांत दुसऱ्यांच्या नावावर छापून आलेली आहे.

आप्पा भोळे आहेत असं मात्र नाही. राजवाडे त्यांचं दैवत. दप्तरांसाठी राजवाड्यांनी महाराष्ट्र पालथा घातला, मिरजेच्या शाळेत शिकवता शिकवता वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी कागदांचे खंडच्या खंड छापले, हे त्यांना तोंडपाठ. पुण्याचे डॉ. उदय कुलकर्णी पेशाने सर्जन. त्यांनी २०१९ मध्ये वेल्सवर इंग्रजीत पुस्तक काढलं, तेव्हा आप्पांनी ते आणवलं आणि नातवाला शेजारी बसवून पानापानाने वाचून घेतलं. शेवटी म्हणाले, "सर्जन माणूस. पुराव्याशिवाय हात लावत नाही." हे कौतुक होतं की गाऱ्हाणं, ते कळलं नाही.

मध्यंतरी आप्पांनी ठरवलं की आता दप्तर कुठेतरी जमा करायचं. आपल्या मागे हे रद्दीत जाणार, असं त्यांनी काकींच्या देखत सांगितलं. काकींनी नाही म्हटलं नाही. दप्तर म्हणजे फायली चालणार नाहीत, रुमाल पाहिजेत. भारत इतिहास संशोधक मंडळात कागद रुमालात बांधलेले असतात. आता एवढे रुमाल आणायचे कुठून? काकींनी कपाट उघडलं. हळदीकुंकू, डोहाळजेवणं, लग्नं, वास्तुशांती यांत आलेले आणि पुढच्या लग्नात पुढे ढकलायचे राहून गेलेले ब्लाउजपीस निघाले. आप्पांनी रंगाने विषय लावले. पोपटी पीसमध्ये शनिवारवाडा, राणीमध्ये मॅलेट कुटुंब, मोतिया रंगात निरोष्ठ रामायण. एकावर 'सौ. ... यांजकडून सप्रेम' असा शिक्का निघाला, त्यात आप्पांनी डॅनियलला बांधलं.

तालुक्यातल्या एका वाचनालयाने दप्तर घ्यायचं कबूल केलं. अट एवढीच, की कपाट देणगीदाराने द्यायचं आणि किल्लीही त्यानेच सांभाळायची. समारंभ झाला. आप्पांना बोलायला पाच मिनिटं होती, पण आलेल्या पाहुण्यांचे सत्कार लांबले, आणि आप्पा वेल्सला मुंबई बंदरात उतरवत होते तेवढ्यात चहा आला. वेल्स अजून बोटीवरच आहे. कपाट मात्र अभ्यासिकेत भिंतीला लागलं, आणि स्पर्धा परीक्षेची पोरं त्यावर पाण्याच्या बाटल्या ठेवतात. एका मुलाने विचारलं, हे परीक्षेला येतं का? आप्पा म्हणाले, "आजवर आलं नाही." त्यांच्या तोंडून खबरदारीचं वाक्य निघालेलं मी तेवढंच ऐकलं.

या कपाटात एक जाड चॉकलेटी रुमाल आहे, ज्याच्याविषयी आप्पा फारसं बोलत नाहीत. नोकरीत असताना ते उसाच्या नोंदी घ्यायला वाड्यावस्त्यांवर जात. त्यात उजनी धरणाच्या पाण्यामुळे उठून आलेली माणसं पुष्कळ असत. जुनं पळसदेव आणि भीमाकाठची इतर गावं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं, तेव्हा हौशी लोक होडीतून फोटो काढायला जातात आणि येताना भिगवणला मासे खातात. आप्पा ऊस नोंदवून झाला की प्रत्येक घरी विचारत, तुमच्या जुन्या घरात एखादं जुनं चित्र होतं का? आणि संशोधकाने असं थेट विचारू नये म्हणून आधी बाकीचं विचारत. घर कुठल्या आळीला, दार कुठल्या दिशेला, ओसरीवर काय, शेजारी कोण, आड कुणाचा, देवघरात कोणता देव, घाटावर कुठल्या पायरीपर्यंत पूर यायचा. चिठ्ठीमागे चिठ्ठी. प्रत्येकीच्या तळाशी शेवटचा रकाना: 'वेल्स?' आणि पुढे, गठ्ठाभर, एकाच वळणाच्या अक्षरात, 'नाही'. आप्पांच्या लेखी हा रुमाल म्हणजे वाया गेलेला हंगाम.

गेल्या उन्हाळ्यात पिंपरीहून एक मुलगी आजीचं जुनं घर शोधत वाचनालयात आली. तिला कुणीतरी आप्पांकडे धाडलं. आप्पांनी किल्ली आणली, आणि तिने जे मागितलं ते न देता पोपटी रुमाल सोडला. तिने पीटरहेड ऐकलं, संगम ऐकला, गेंडा ऐकला. निरोष्ठापाशी तिलाही जेम्स-वेल्स म्हणून बघावं लागलं. मग तिने अदबीने पळसदेवाचं विचारलं. आप्पांनी नाइलाजाने चॉकलेटी रुमाल काढून दिला आणि खुर्ची खिडकीकडे फिरवून बसले.

अर्ध्या तासाने तिला चिठ्ठी सापडली. आजोबांचं नाव, चावडीमागची आळी, पूर्वेचं दार, आड सामायिक. तिने आजीला फोन लावला आणि मोठ्याने वाचायला लागली. पलीकडून आजी मध्येमध्ये दुरुस्त्या करत होती. आड सामायिक नव्हता, आपलाच होता, शेजारचे मेले त्यांचा सांगायचे. शेवटच्या रकान्यापर्यंत आल्यावर मुलीने वाचलं, "वेल्स, नाही." आजीने विचारलं, "ते काय?" मुलगी म्हणाली, "काही नाही गं, घरात साहेबाचं चित्र होतं का असं विचारलंय." "व्हतं की," आजी म्हणाली.

आप्पांची खुर्ची फिरली. त्यांनी फोन स्पीकरवर करायला लावला. अभ्यासिकेतल्या पोरांनी पुस्तकं मिटली.

"आक्का, साहेब चित्रातला की चित्र काढणारा?"

"चित्रातला. ओसरीवर लावल्याला. तुमी आला तवा आमचे मालक घरी व्हते, त्यास्नी काय ठावं? गोरापान साहेब, मोठ्या मिशा."

"कुणी आणलं होतं?"

"सासऱ्यांनी. बारामतीच्या बाजारातनं."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. बारामती हा शब्द त्यांनी नुसत्या ओठांनी, आवाज न करता म्हटला, आणि त्यांचे ओठ दोनदा मिटले.

"आणि काय आठवतं चित्रात? खाली काही लिहिलेलं? सही?"

"सही न्हाय. खाली तारखा व्हत्या. म्हयना सपला की सासरे एकेक पान फाडायचे."

पोरं हसायला लागली. मुलीने ओढणी तोंडाशी धरली. आप्पांनी सगळ्यांना हाताने गप्प केलं, खिशातून कोरी तोडणी-चिठ्ठी काढली, मांडीवर सरळ केली आणि फोनवर वाकले.

"तारखा होत्या ना? मग साल सांगा."